सवड कोणाची? साध्या आणि संथ जगण्याच्या विचाराची प्रस्तावना

साधे राहावे आणि संथपणे जगावे, हा उपदेश मराठी वाचकाला नवा नाही. संतवाङ्मयापासून सर्वोदयी साहित्यापर्यंत तो नाना रूपांनी त्याच्या कानावर पडत आला आहे, आणि कदाचित त्यामुळेच त्याचा विचार करण्याऐवजी त्याला मान डोलावून पुढे निघण्याची सवय जडली आहे. गेल्या तीन-चार दशकांत हाच उपदेश युरोप-अमेरिकेतून नव्या वेष्टनात आला आणि मोठ्या शहरांतील नोकरदार वर्गात त्याला पुष्कळ श्रोते लाभले. दोन्ही ठिकाणी एक गृहीत मात्र समान राहिले, ते असे की संथपणा ही ज्याच्या त्याच्या स्वभावाची, आवडीची किंवा मनोनिग्रहाची बाब आहे. प्रस्तुत विवेचनाची भूमिका याहून वेगळी आहे. माणसाच्या दिवसाचा वेग बहुतांशी त्याने स्वतः ठरवलेला नसतो. तो कामाच्या पाळीने, गाडीच्या वेळापत्रकाने, घरभाड्याच्या दराने आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षांनी ठरतो, आणि म्हणून संथ जगण्याचा प्रश्न हा मुळात वेळेवर कोणाचा अधिकार चालतो याचा प्रश्न आहे. साधेपणा त्यात दुसऱ्या क्रमाने येतो, पण तो दुय्यम नाही, कारण गरजा जितक्या वाढतील तितका वेळ त्या भागवण्यासाठी विकावा लागतो आणि विकलेल्या वेळेचा वेग विकत घेणाराच ठरवतो.

वेग वाढला की वेळ वाचतो, या समजुतीवर आधुनिक जीवनाची उभारणी झाली असल्यामुळे तिची तपासणी आधी करणे योग्य ठरेल. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८४५ ते १८४७ या काळात मॅसॅच्युसेट्समधील वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला, आणि त्या वास्तव्यावर १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने एक रोकडा हिशेब मांडला: तीस मैलांवरच्या गावाचे रेल्वेभाडे ९० सेंट, म्हणजे तेव्हाची जवळजवळ दिवसभराची मजुरी, तेव्हा आधी ते पैसे मिळवून मग गाडीत बसणाऱ्याच्या अगोदर पायी निघालेला माणूस मुक्कामी पोहोचतो. शंभरांहून अधिक वर्षांनी इव्हान इलिच या विचारवंताने हीच पद्धत मोटारीला लावली. मोटार चालवण्यात, ती उभी करण्यात आणि तिच्या हप्त्यांसाठी, इंधनासाठी व विम्यासाठी कमाई करण्यात सामान्य अमेरिकन माणूस वर्षाला १६०० तास घालवतो आणि त्या बदल्यात ७५०० मैल कापतो, म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी पडतो, असे त्याने १९७० च्या दशकात दाखवून दिले. या हिशेबांवर आक्षेप घेता येतात; मुंबईच्या रुग्णालयात तातडीने पोहोचायचे असलेल्या रोग्याला थोरोचे गणित काही कामाचे नाही. तथापि वेगाची किंमत वेळेतच चुकवावी लागते आणि ती सहसा दुसऱ्या खात्यावर लिहिली जाते, एवढा त्यांचा गाभा टिकून राहतो.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या इतिहासात हे पडताळून पाहता येते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर पहिल्या प्रवासी गाडीने कापले, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी धावली, आणि त्यानंतर प्रत्येक पिढीत गाड्या वाढत, लांबत आणि जलद होत गेल्या. त्यामुळे गिरगाव-परळचा माणूस कामावर लवकर पोहोचू लागला असे झाले नाही. तो आधी दादरला, मग डोंबिवलीला, मग बदलापूर-विरारला राहायला गेला. वेग वाढताच घरे दूर गेली. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली, याकोव झहावी यांच्या आधीच्या अभ्यासाच्या आधाराने, असे प्रतिपादन केले की माणसे रोजच्या प्रवासाला सरासरी सुमारे एक तास देतात आणि वाहन जलद झाले की वाचलेला वेळ घरी न आणता अंतरात गुंतवतात. एक तास हा आकडा कर्जतहून येणाऱ्या प्रवाशाला फारच उदार वाटेल, हा भाग निराळा. आणि त्याने ते अंतर हौसेने नव्हे तर जागेच्या भावामुळे पत्करले आहे, ही बाब मार्केटीच्या नियमात दिसत नाही.

अर्थशास्त्राला हा प्रकार अपरिचित नव्हता. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ सालीच दाखवले होते की वाफेचे इंजिन काटकसरीने कोळसा जाळू लागले तेव्हा इंग्लंडमध्ये कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला, कारण स्वस्त पडलेली शक्ती अधिक कामांना जुंपली गेली. वेळेचेही असेच होते. जॉन मेनार्ड केन्स याने १९३० साली असे भाकीत केले होते की शंभर वर्षांत उत्पादकता इतकी वाढेल की आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेल. उत्पादकतेचे त्याचे अनुमान फारसे चुकले नाही, पण पंधरा तासांचा आठवडा कोठे अवतरला नाही, कारण वाढलेली उत्पादकता सवडीत न बदलता वस्तूंमध्ये आणि काहींच्या नफ्यात बदलली. जर्मन समाजशास्त्रज्ञ हार्टमुट रोझा याने या स्थितीला सामाजिक त्वरण म्हटले आहे आणि त्याचे तीन पदर वेगळे केले आहेत: तंत्राचा वाढता वेग, समाजातील बदलांचा वाढता वेग, आणि दिवसात अधिकाधिक गोष्टी कोंबण्यामुळे जगण्याचा वाढता वेग. पहिला वाढला तर तिसरा कमी व्हायला हवा होता. पत्र लिहिण्यापेक्षा ईमेल लिहायला निम्मा वेळ लागतो हे खरे, पण पूर्वी दिवसाला दहा पत्रे लिहिणारा आता चाळीस ईमेल लिहितो, आणि त्वरण या संज्ञेचा व्यवहारातील अर्थ हाच आहे.

हा वेग आला कोठून, याचे उत्तर महाराष्ट्रापुरते तरी मुंबईच्या कापड गिरण्यांत शोधावे लागते, आणि तेथे थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. ब्रिटिश इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी १९६७ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात कामाच्या दोन रीती वेगळ्या केल्या होत्या. एकीत काम हे कामाच्या मापाने चालते, म्हणजे पेरणी असेल तर पेरणी संपेपर्यंत आणि जाळे ओढायचे असेल तर ओहोटी-भरतीप्रमाणे. दुसरीत ते घड्याळाच्या मापाने चालते आणि वेळ ही मालकाने मोजून विकत घेतलेली वस्तू होते. दुसऱ्या रीतीला माणसांची सवय करवणे, म्हणजेच कालशिस्त लावणे, हे कारखानदारीचे पहिले काम होते. रत्नागिरी-साताऱ्याहून मुंबईत आलेल्या कुणबी-मराठा शेतकऱ्याने ही शिस्त भोंग्याच्या आवाजातून शिकली. परंतु सुरुवातीची गिरणीही सूर्याला बांधलेली होती: आत पुरेसा उजेड नसल्याने काम दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले, उन्हाळ्यात ते लांबे आणि हिवाळ्यात आखडे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कापडाला तेजी होती, तेव्हा ही नैसर्गिक मर्यादाही उरली नाही. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. ज्या दिव्याने मध्यमवर्गीय घरातील वाचनाची वेळ वाढवली, त्याच दिव्याने कामगाराची झोप कमी केली, हे प्रगतीच्या इतिहासात क्वचितच एकत्र नोंदवले जाते.

याच सुमारास खुद्द घड्याळच बदलले. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून ५ तास ३० मिनिटे पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे संपूर्ण देशाला एकच मानण्यात आलेली वेळ, लागू झाली. फरक ३९ मिनिटांचा होता. आकडा किरकोळ दिसतो, पण पहाटे गिरणीच्या दारात हजर राहायचे असलेल्या माणसाला त्याचा अर्थ सूर्याच्या हिशेबाने आणखी ३९ मिनिटे आधी उठणे असा होता, आणि त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध प्रक्षोभ व्यक्त केला. शहरातील अनेकांनी जुनी 'बॉम्बे टाइम' सोडण्यास नकार दिला. सरकारी वेळ आणि मुंबईची वेळ अशा दोन वेळा या शहरात १९५५ पर्यंत कमी-अधिक प्रमाणात नांदत राहिल्या. एरवी शांत असणारे लोक घड्याळाच्या काट्यासाठी इतका काळ अडून बसतात, तेव्हा त्यांना काट्यामागचा अधिकार दिसलेला असतो.

वेळेवरील या अधिकाराला संघटित उत्तर देण्याचा मान नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे जातो. महात्मा फुले यांचे सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे (१८४८–१८९७) यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांची संघटना उभारली, आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन पुढे केले. त्यातील मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा चकित करतो: रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार वेळेवर मिळावा आणि कामावर इजा झालेल्याला भरपाई मिळावी. पाचांपैकी तीन मागण्या निव्वळ वेळेच्या आहेत. रविवार हा खंडोबाचा वार असल्याचा युक्तिवाद त्यांनी केला, असे सांगितले जाते. तसे असेल तर मालकांच्या कॅलेंडरशी कामगारांच्या पंचांगाची गाठ घालण्याचे ते चतुर उदाहरण होय. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या कायद्यांची वाटचाल मंद होती: १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला, १९२२ मध्ये आठवडा साठ तासांचा झाला, १९३४ मध्ये चोपन्न तासांचा, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने तो अठ्ठेचाळीस तासांवर स्थिरावला. आज निवांत रविवारचे कौतुक करणारा मराठी मध्यमवर्ग त्या निवांतपणाचा उगम आपल्या अभिरुचीत मानतो. तो उगम वास्तविक एका निवेदनात आणि साठ-सत्तर वर्षांच्या झगड्यात आहे.

येथे एका उलट्या चुकीबद्दल सावध राहणे भाग आहे. यंत्राने घाई आणली म्हणून यंत्रापूर्वीचे जगणे संथ आणि सुखाचे होते, असे मानण्याकडे या विषयावर लिहिणाऱ्यांचा कल असतो, आणि त्याला सर्वांत मोठा अडथळा जात्याचा आहे. पहाटे जात्यावर बसून दळणाऱ्या बायकांनी रचलेल्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील गावोगावहून गोळा झाला. मौखिक परंपरेचा एवढा साठा जगात फार थोड्या ठिकाणी असेल. पण त्या ओव्यांत माहेर, भाऊ आणि विठ्ठल यांच्याबरोबर सासुरवास, कष्ट आणि बाईच्या जन्माबद्दलची तक्रारही भरभरून आहे. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही बव्हंशी थांबली, ही हानी खरी आहे. तरी जाते परत आणावे असे दळणाऱ्या बाईने कधी म्हटल्याचे ऐकिवात नाही. गेलेल्या काळाच्या संथपणाचा आस्वाद बहुधा तेच घेत होते ज्यांचे पीठ दुसरे कोणी दळत होते. यंत्रानेही बाईला सरळ सवड दिली असे मात्र नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार स्त्रीने १९८३ साली अमेरिकन घरांचा अभ्यास करून दाखवले की कपडे धुण्याचे यंत्र आल्यावर कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले, स्वच्छतेची अपेक्षा उंचावली आणि पूर्वी पुरुष, मुले वा नोकर यांच्यात वाटलेले काम एकट्या गृहिणीच्या अंगावर पडले. मराठी स्वयंपाकघरात मिक्सर आणि गॅस आल्यावर रोजच्या ताटातील अपेक्षा कशा बदलल्या, याचा असाच अभ्यास व्हायला हवा.

साधेपणाच्या विचाराकडे वळल्यावर वर्धा हे नाव अटळ होते. गांधींनी १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना 'किल्डोनन कॅसल' या जहाजावर 'हिंद स्वराज' लिहिले, आणि त्यात रेल्वेवर केलेली टीका वेगावरच होती: रेल्वे रोग आणि दुष्काळ पसरवते, दुष्टपणाला पंख देते, आणि चांगुलपणाची चाल मुळातच सावकाश असल्यामुळे त्याला रेल्वेचा उपयोग नाही. पुढे हेच गांधी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देशभर हिंडले, ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी वारंवार दाखवली आहे. तिच्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की १९३६ पासून सेवाग्रामला राहिलेल्या गांधींचे जगणे साधे होते, पण संथ मुळीच नव्हते. कमरेला लटकवलेले घड्याळ त्यांच्या मोजक्या वस्तूंपैकी एक होते आणि आश्रमाचा दिवस घंटेवर चाले. साधेपणा आणि संथपणा यांची जोडी म्हणून नैसर्गिक नाही. साधेपणाने वेळ मोकळा होतो एवढेच. त्या वेळेचे काय करावे हे तो सांगत नाही, आणि गांधींनी तो सगळा कामाला दिला.

गांधींच्या सहवासात राहिलेला अमेरिकन वकील रिचर्ड ग्रेग याने १९३६ साली स्वेच्छेच्या साधेपणावर निबंध लिहिला, ज्यातून पश्चिमेतील पुढची पुष्कळ चर्चा निघाली. स्वेच्छेचा साधेपणा म्हणजे परिस्थितीने लादलेली गरिबी नव्हे, तर जगण्याच्या मुख्य हेतूच्या आड येणाऱ्या वस्तू आणि व्याप आपणहून कमी करणे. आपल्याला पुस्तकांचा मोह सोडवत नाही, अशी अडचण ग्रेगने गांधींपुढे मांडली, तेव्हा ज्या वस्तूपासून अंतर्यामी आधार मिळतो ती ठेवावी आणि केवळ त्यागाच्या भावनेने सोडू नये, अन्यथा मन तिच्याकडे ओढ घेत राहील, अशा अर्थाचा सल्ला त्यांनी दिला. घरातील निम्म्या वस्तू एका शनिवारी टाकून देण्याच्या आजच्या उत्साहापेक्षा हा सल्ला कितीतरी व्यवहारी आहे. त्याच वर्धेत, मगनवाडीत, अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी राहणीमानाला उच्च किंवा नीच म्हणण्याची पद्धतच नाकारली. त्यांच्या मते राहणीमान गुंतागुंतीचे असते किंवा साधे, आणि गुंतागुंत वाढली म्हणजे जीवन उंचावले असे ठरत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी हा भेद उचलला नाही, याचा तोटा विषयाइतकाच महाराष्ट्रालाही झाला असे म्हणावेसे वाटते.

संथपणा म्हणजे वेळापत्रकाचा अभाव, हा आणखी एक समज पंढरीच्या वारीकडे पाहिल्यावर टिकत नाही. आळंदीहून निघालेली पालखी, जिच्या सध्याच्या स्वरूपाचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील हैबतबाबा आरफळकर यांना दिले जाते, मोटारीने काही तासांत संपणाऱ्या वाटेला अडीच-तीन आठवडे देते. परंतु सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण हे मुक्काम, मधले विसावे, दिंड्यांचे क्रम आणि रिंगणाच्या जागा काटेकोर ठरलेल्या असतात आणि चोपदाराच्या इशाऱ्यावर हजारो माणसे स्तब्ध होतात. वेग कमी आहे तो सर्वांनी मिळून तो तसा ठेवल्यामुळे. वारकरी एकटा सावकाश चालत नाही, आणि तंबू-शिधा घेऊन दिंडीचा ट्रक मुक्कामी आधी पोहोचलेला असतो, हेही नोंदवायला हवे. विनोबा १९५१ ते १९६४ अशी सुमारे तेरा वर्षे भूदानासाठी पायी हिंडले, तेही याच सामूहिक चालीच्या जोरावर.

इटलीतील 'स्लो फूड' चळवळ सुरुवातीला अशीच सामूहिक होती. रोममधील स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्सचे दुकान निघण्याच्या निमित्ताने १९८६ साली कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी विरोध संघटित केला, १९८९ मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा झाला, आणि १९९९ मध्ये लहान गावांनी आपापला वेग सांभाळण्यासाठी 'चित्तास्लो' हे जाळे विणले. नंतर तिच्या नावाचा महागड्या हॉटेलांच्या जाहिरातींत जो उपयोग झाला, त्याबद्दल येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

सांप्रतच्या घाईत नवे आहे ते हे की कामाची जागा आणि कामाची वेळ यांना भिंत उरलेली नाही. भोंगा तरी संध्याकाळी थांबत असे. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क कायद्यात आणला. त्याच धर्तीचे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी सोळाव्या लोकसभेत मांडले होते, ते कायदा झाले नाही. लोखंड्यांच्या मागण्यांची ही सरळ पुढची पायरी आहे, आणि ध्यानधारणेच्या शिबिरांपेक्षा तिच्यावर अधिक विचार खर्च व्हावा, असे या विवेचनाचे मत आहे. दुसरीकडे ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांनी आपली घाई इतरांकडे सोपवण्याची सोय केली आहे: दहा मिनिटांत दारात येणारी भाजी मागवणाऱ्याची अर्ध्या तासाची फेरी वाचवते आणि तीच घाई दुचाकीवरच्या मुलाच्या अंगावर टाकते. त्याचा दिवस कोणत्याही कारखाने कायद्यात बसत नाही. धुणी-भांडी करणाऱ्या बाईंचाही बसत नाही. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यातून नोंदणीची आणि काही लाभांची सोय झाली, पण आठवड्याची सुट्टी अजूनही घरागणिक ठरते आणि पुष्कळ घरांत तिचा हिशेब खाडा म्हणून पगारातून कापून होतो. म्हणून पुढील विवेचनाची सुरुवात घरातील कामांच्या यादीपासून, ती कोण, किती वाजता आणि कोणाच्या वेळेच्या बदल्यात करते या चौकशीपासून केली आहे. वस्तू कमी करण्याचा आणि चाल मंदावण्याचा विचार त्यानंतरच्या प्रकरणांत येतो.